हॉवर्ड यांचें संशोधन आणि आपला उकिरडा

कांहीं महिन्यांपासून आमच्याकडे येणाऱ्या पत्रांत एक प्रश्न वारंवार आढळतो. सेंद्रिय शेती म्हणून जिचा आज इतका गाजावाजा चालला आहे ती विद्या पश्चिमेकडून आली काय, आणि तशी आली असल्यास आपल्या काळ्या जमिनीस ती कितपत मानवेल? या प्रश्नाचें उत्तर देऊं जातां एका मनुष्याचा व त्याच्या कामाचा परिचय करून देणें भाग पडतें. त्या मनुष्याचें नांव सर आल्बर्ट हॉवर्ड. इंग्लंड-अमेरिकेंतील सेंद्रिय शेतीच्या चळवळीचा उगम शोधीत मागें गेल्यास जे दोन-चार झरे लागतात, त्यांपैकीं फार मोठा एक झरा इंदूर शहराच्या शिवारांत, होळकरांच्या जुन्या राज्यांत, सांपडतो. म्हणजे विद्या पश्चिमेकडून आली हें अर्धेंच खरें. ती येथून गेली, आणि छापील पुस्तकाच्या रूपानें परत आली.

विद्वानाच्या संशोधनाचा प्रभाव मोजण्याचीं मापें विद्यापीठांतून निराळीं असतात. त्याच्या ग्रंथाचा आधार किती जणांनीं घेतला, त्याचें नांव किती निबंधांत आलें, याची तेथें मोजदाद होते. आमच्या वाचकांस त्या मापाचें प्रयोजन थोडें. आम्हांस विचारावयाचें तें एवढेंच, कीं ज्या उकिरड्यांतील नासाडी थांबविण्याकरितां हॉवर्ड झटले त्या उकिरड्यांत आज काय फरक पडला आहे?

हॉवर्ड यांचा जन्म १८७३ सालीं इंग्लंडांतील श्रॉपशायर परगण्यांत एका शेतकऱ्याच्या घरीं झाला. केंब्रिज येथील शिक्षण पुरें झाल्यावर १८९९ मध्यें ते वेस्ट इंडीजमधील बार्बाडोस बेटांत पिकांवरील बुरशीजन्य रोगांचे तज्ज्ञ म्हणून गेले. रोग तपासावे, अहवाल लिहावे आणि बागाईतदारांस उपाय सांगावे, असें तें काम. परंतु स्वतःचें एकहि शेत हातीं नसल्यामुळें सांगितलेला उपाय आधीं आपल्या पिकावर करून पाहण्याची सोय नव्हती, आणि ही गोष्ट त्यांच्या मनास टोंचूं लागली. ज्यानें कधीं नांगर धरला नाहीं त्यानें दुसऱ्यास नांगरट शिकवावी, हा प्रकार आमच्या वाचकांच्या चांगलाच परिचयाचा आहे. तो त्या काळींहि होता. पण त्याची लाज एका शास्त्रज्ञासच वाटावी, हें आम्ही त्यांच्या चरित्रांतील महत्त्वाचें पान समजतों.

१९०५ सालीं ते बिहारांतील पुसा येथील सरकारी शेतकी संशोधन संस्थेंत वनस्पतिशास्त्रज्ञ म्हणून आले. त्याच वर्षीं गॅब्रिएल मॅथाई या विदुषीशीं त्यांचा विवाह झाला. वनस्पतींच्या शरीरव्यापाराच्या त्या स्वतः जाणत्या होत्या, आणि पुढील पंचवीस वर्षांतील बहुतेक काम या दांपत्यानें मिळून केलेलें आहे. त्यांनीं निवडलेल्या गव्हाच्या जातींपैकीं पुसा ४ आणि पुसा १२ या जाती उत्तर हिंदुस्थानांत दूरवर पसरल्या. केवळ एवढ्यावरहि त्यांचें नांव राहिलें असतें.

पण आपल्या विषयाच्या दृष्टीनें महत्त्वाचें तें निराळेंच. पुसा येथें हॉवर्ड यांस अखेर स्वतःच्या हुकमतीखालीं जमीन मिळाली, आणि ती कशी करावी हें शिकण्याकरितां ते आजूबाजूच्या गांवांत हिंडूं लागले. तेथें ना औषधाची फवारणी, ना विकतचें खत. तरी पिकें रोगांपासून बरीचशीं मुक्त त्यांना दिसलीं. तेव्हां त्या भागांतील शेतकऱ्यांस आणि खुद्द किडींस त्यांनीं आपले गुरु केलें. किडींस गुरु करणें ऐकण्यास चमत्कारिक वाटेल, पण त्याचा अर्थ सरळ आहे. रोग कोणत्या रोपावर आधीं पडला, त्या जागीं पाणी तुंबलें होतें काय, मुळें किती खोल गेलीं होतीं, जमीन हवा घेत होती कीं चिकटून बसली होती, हें पाहत गेलें म्हणजे रोग स्वतःच मशागतींतील चूक दाखवून देतो.

पुसा येथें प्रत्येक विषयाचें खातें वेगळें होतें. कीटकांचें एक, बुरशीचें दुसरें, रसायनाचें तिसरें. हॉवर्ड यांस पीक एकसंध पाहावयाचें होतें. त्यांच्या खटपटीनें १९२४ मध्यें इंदूर येथें ‘इन्स्टिट्यूट ऑफ प्लँट इंडस्ट्री’ ही संस्था निघाली. तिला आश्रय मध्यवर्ती कापूस कमिटीचा आणि मध्य हिंदुस्थानांतील संस्थानांचा, आणि जमीन सुमारें तीनशें एकर. उन्हाळ्यांत भेगाळणारी व पावसाळ्यांत चिखलणारी ती माळव्याची काळी जमीन आपल्या वऱ्हाड-खानदेशच्या जमिनीची सख्खी बहीण होय, आणि पीक मुख्यतः कापसाचें. तेव्हां इंदुरास जें ठरलें तें जवळजवळ आपल्याच जमिनीवर ठरलें, असें म्हणण्यास हरकत नाहीं.

या संस्थेंत रसायनाच्या बाजूचें काम यशवंत वाड यांच्याकडे होतें. शेतींतील टाकाऊ पदार्थांपासून खत करण्याविषयींचें मूळ इंग्रजी पुस्तक १९३१ सालीं प्रसिद्ध झालें, त्याच्या मुखपृष्ठावर हॉवर्ड आणि वाड अशीं दोघांचीं नांवें आहेत. जगांत मात्र एकच नांव राहिलें. ढीग किती तापला, त्यांतील नत्र किती उडून गेलें व किती राहिलें, हें मोजल्यावांचून जुन्या उकिरड्याचें शास्त्र झालें नसतें, आणि मोजणाऱ्यास कीर्ति थोडी मिळते हा अनुभव नवा नव्हे. गॅब्रिएल हॉवर्ड तर हें पुस्तक निघण्यापूर्वींच, १९३० मध्यें, निवर्तल्या. हॉवर्ड यांनीं आपला १९४० चा ‘ॲन ॲग्रिकल्चरल टेस्टामेंट’ हा प्रसिद्ध ग्रंथ त्यांनाच अर्पण केला आहे. याखेरीज चीन देशांतील शेतकऱ्यांचें ऋण आहे. तेथील लोक शेंकडों वर्षें मैला, गाळ व काडीकचरा कुजवून जमिनीस परत देत आले होते, आणि त्याचें वर्णन किंग या अमेरिकन पंडितानें १९११ च्या आपल्या पुस्तकांत करून ठेवलें होतें. चीनची चाल, हिंदी शेतकऱ्याचें साहित्य आणि प्रयोगशाळेचा तराजू, हे तीन पदार्थ इंदुरास एकत्र आले.

आतां प्रत्यक्ष कृतीकडे वळूं. कारण ‘इंदूर पद्धति’ हें नांव पुष्कळांनीं ऐकलेलें असतें, पण खड्डा भरतांना मात्र जुनाच उकिरडा खड्ड्यांत उतरवतात.

आपला नेहमींचा उकिरडा कसा असतो? एका बाजूस शेणाचा गोळा, दुसऱ्या बाजूस पाचोळा, मध्यें राख, आणि गुरांचें मूत गोठ्याच्या जमिनींत मुरून नाहींसें झालेलें. गुरांच्या पोटांतून जें नत्र बाहेर पडतें त्याचा निम्म्याच्या आसपास, पुष्कळदां त्याहूनहि अधिक, भाग मुतांत असतो. पालाश तर बहुतेक सारा त्यांतच. म्हणजे आपण जें काळजीपूर्वक गोळा करतों तो लहान वांटा, आणि जो वाहूं देतों तो मोठा. इंदुरास पहिली सुधारणा येथेंच झाली. गोठ्याची जमीन फरसबंदी न करतां मातीचीच ठेवली, आणि मूत प्यालेली ती माती ठराविक महिन्यांनीं खणून खताकरितां काढून नवी माती भरली. या सुधारणेस खर्च जवळजवळ नाहीं. ज्यांनीं अलीकडे हौसेनें गोठ्यांत सिमेंटचा कोबा केला आहे त्यांनीं निदान मूत वाहून नेणारी नाली व एक टाकी तरी करावी.

दुसरें साहित्य शेतांतील टाकाऊ पदार्थांचें. पऱ्हाट्या, तुराट्या, धसकटें, तण, गव्हाणींतील उरलेली वैरण, झाडांचा पाला, जें जें उगवलें होतें व खाण्यास उपयोगीं नाहीं तें सर्व. पऱ्हाटीसारखीं टणक काष्ठें तशींच टाकलीं तर वर्षभर कुजत नाहींत. म्हणून तीं गाडरस्त्यावर पसरून चाकांखालीं चेंचून घेत, आणि नंतर गुरांखालीं अंथरीत. यांत मुख्य गोष्ट मिसळण्याची. एकाच जातीचा कचरा एका जागीं घालूं नये. टणक, मऊ, ओला, वाळका असा मिश्र असावा.

खड्डा तीस फूट लांब, चौदा फूट रुंद आणि अवघा दोन फूट खोल असे. खोली एवढी कमी कां, हें ज्यास समजलें त्यास सगळी पद्धति समजली. कुजविणारे जीव हवा घेणारे आहेत. पांच-सहा फूट खोल खड्ड्यांत तळाशीं हवा पोहोंचत नाहीं, तेथें सडका वास सुटतो व कुजण्याचें काम मंदावतें. मिश्र कचऱ्याचा सुमारें सहा इंचांचा थर, त्यावर दोनेक इंच शेण, त्यावर मुताची माती व लांकडाची राख शिंपडलेली, वरून पाणी, पुन्हा कचरा, असे थर भरीत यावें. मापानें पाहिलें तर तीन-चार वांटे कचऱ्यास एक वांटा शेण पुरे. यास्तव गोठ्यांतील सर्व शेण यांत घालावें लागत नाहीं. ज्या घरीं गोवऱ्यांवांचून चूल पेटत नाहीं त्या घरासहि ही पद्धति बंद नाहीं, हें हॉवर्ड यांनीं मुद्दाम दाखवून दिलें. दहा-पंधरा दिवसांच्या जुन्या खड्ड्यांतील बुरशी धरलेलें थोडें खत शेणकाल्यांत कालवून विरजणासारखें लावीत. खड्ड्याचा एक भाग रिकामा ठेवावयाचा, म्हणजे पुढें ढीग त्या बाजूस उलटतां येतो.

पहिली उलथापालथ सुमारें पंधरा दिवसांनीं, दुसरी महिन्यानें, तिसरी दोन महिन्यांनीं. प्रत्येक वेळीं ओलावा पाहून पाणी द्यावयाचें. ओलावा पिळून घेतलेल्या फडक्याइतका असावा. आरंभीं ढीग सुमारें पासष्ट अंश सेल्सियसपर्यंत तापतो. त्या उष्णतेनें तणाचें बीं व रोगाचे पुष्कळसे जंतु मरतात. तीन महिन्यांत काळें, भुसभुशीत, मातीचा वास येणारें खत तयार होतें. पावसाळ्यांत खड्ड्यांत पाणी सांठतें, म्हणून त्या दिवसांत तोच ढीग जमिनीवर रचावा.

हें सर्व कां घडतें तेंहि थोडक्यांत सांगतों. सूक्ष्म जीवांस शरीर वाढविण्याकरितां कर्ब आणि नत्र दोन्ही लागतात, आणि तेहि ठराविक प्रमाणांत. कचऱ्यांत एक भाग नत्रास पंचवीस-तीस भाग कर्ब असला तर काम जोरांत चालतें. पऱ्हाटी व पाचट यांत कर्ब याच्या कितीतरी पट. नुसता तसा कचरा जमिनींत पुरला तर ते जीव आपली भूक भागविण्यास जमिनींतलेंच नत्र उचलतात आणि वर पेरलेलें पीक पिवळें पडतें. उलट नुसतें शेण-मूत सांठविलें तर जास्तीचें नत्र वायुरूपानें उडून जातें. गोठ्यांत सकाळीं डोळ्यांस झोंबणारा जो वास येतो तें आपलें खत उडून चाललेलें असतें. एकाची उणीव दुसऱ्याच्या आधिक्यानें भरून काढणें, हें इंदूर पद्धतीचें सारें मर्म.

१९३१ मध्यें हॉवर्ड हिंदुस्थान सोडून गेले. त्यांचें काम येथें अगदींच विसरलें गेलें असें नाहीं. १९३५ सालीं महात्मा गांधी इंदुरास आले असतां त्यांनीं ही संस्था पाहिली, आणि ‘हरिजन’ पत्रांतून या खताची माहिती खेड्यांतील कार्यकर्त्यांस दिली. बंगलोर येथें आचार्य नांवाच्या शास्त्रज्ञांनीं १९३९ च्या सुमारास शहरांतील केर व मैला उलथापालथ न करतां झांकून कुजविण्याची निराळी पद्धति बसविली. परंतु खरा गाजावाजा परदेशांत झाला. केनियांतील कॉफीच्या मळेवाल्यांनीं इंदूर पद्धति उचलली. इंग्लंडांत लेडी ईव्ह बाल्फोर यांनीं हॉवर्ड यांचे विचार प्रमाण मानून १९३९ पासून हॉले येथें शेजारशेजारच्या शेतांवर दीर्घ मुदतीचा प्रयोग मांडला, १९४३ मध्यें ग्रंथ लिहिला, आणि १९४६ मध्यें ‘सॉइल असोसिएशन’ ही संस्था निघाली. अमेरिकेंत रोडेल यांनीं १९४२ मध्यें सेंद्रिय शेतीचें मासिक काढलें तेव्हां हॉवर्ड यांचें नांव संपादकवर्गांत होतें. हॉवर्ड १९४७ च्या आक्टोबरांत वारले. आज परदेशी बाजारांत ‘सेंद्रिय’ अशी चिठी लावून जो माल चढ्या भावानें खपतो, त्या चिठीच्या वंशावळींत मागें कोठें तरी माळव्यांतील तो दोन फुटी खड्डा आहे.

येथवर स्तुति झाली. पण गुणाबरोबर दोष न सांगणें म्हणजे वाचकांस फसविणें होय. हॉवर्ड यांच्या उत्तरकाळच्या लिखाणांत संशोधकापेक्षां प्रचारकाचा आवाज मोठा झाला. चांगलें कुजलेलें खत मिळालेल्या पिकास रोग शिवत नाहीं, आणि असें पीक खाणाऱ्या गुरांस व माणसांस आरोग्य लाभतें, असें ते सांगत. लाळ-खुरकतानें पछाडलेल्या गांवच्या गुरांशीं आपल्या बैलांनीं नाकास नाक लावलें तरी त्यांस तो रोग झाला नाहीं, हें त्यांचें आवडतें उदाहरण. त्यांनीं पाहिलें तें खोटें म्हणावयाचें आम्हांस कारण नाहीं. पण जवळच तसेच बांधलेले, निराळा चारा खाणारे दुसरे बैल तुलनेस नव्हते, त्यामुळें त्यावरून कांहींच सिद्ध होत नाहीं. लाळ-खुरकत हा विषाणूचा रोग आहे. त्यास लस हाच उपाय, आणि आपल्या खतावर भरंवसा ठेवून लस चुकविणारा शेतकरी गोठा रिकामा करून घेईल. कापसावरची गुलाबी बोंडअळीहि जमिनींतील कर्ब पाहून येत नाहीं. मुळांवर राहणाऱ्या उपकारक बुरशीचें महत्त्व त्यांनीं फार लौकर ओळखलें, हें त्यांचें मोठेपण. मात्र ती बुरशी पचवून वनस्पति पोसते, ही त्यांची समजूत टिकली नाहीं. ती बुरशी मुळांस स्फुरद आणून देते व बदल्यांत साखर घेते, असा तो व्यवहार आहे.

उत्पन्नाचा प्रश्न तर अधिक रोकडा. जगांतील अनेक प्रयोगांची एकत्र तुलना करून २०१२ सालीं जो निबंध ‘नेचर’ या नियतकालिकांत आला, त्यांत सेंद्रिय शेतीचें उत्पन्न सरासरीनें शेंकडा पंचवीस कमी भरलें. उत्तम रीतीनें केलेल्या सेंद्रिय शेतींत हीच तूट शेंकडा तेरावर आली. याचें कारण साध्या हिशेबांत आहे. चांगल्या कंपोस्टांत नत्र शेंकडा अर्धा ते एक असतें. युरियाच्या पंचेचाळीस किलोच्या एका पोत्यांत सुमारें वीस किलो नत्र आहे. तेवढें नत्र देण्यास दोन ते चार टन खत ओढून न्यावें लागेल, आणि त्यांतलेंहि सर्व पहिल्या वर्षीं पिकास मिळणार नाहीं. श्रीलंकेच्या सरकारनें २०२१ मध्यें रासायनिक खतांची आयात एका हुकमानें बंद केली, पर्यायी खताची तजवीज नसतां. भाताचें पीक बसलें, आणि त्याच वर्षाच्या नोव्हेंबरांत हुकूम मागें घ्यावा लागला.

मग युरिया असतां खड्डे कशाला, असें कोणी विचारील. युरिया नत्र देतो. जमिनीची पोकळी, पाणी धरण्याची शक्ति आणि सूक्ष्म जीवांचें अन्न तो देत नाहीं. इंग्लंडांत रॉथॅमस्टेड येथें १८४३ पासून एकाच शेतांत गव्हाचे वाफे चालूं आहेत. त्यांत शेणखताच्या वाफ्यांतील सेंद्रिय कर्ब बिनखताच्या वाफ्याच्या दुपटीहून अधिक झाला आहे. रासायनिक खताचा वाफा धान्यांत मागें राहिला नाहीं, ही गोष्ट हॉवर्ड यांस कधीं रुचली नाहीं. पण त्यांस न रुचल्यानें ती खोटी ठरत नाहीं. आपल्या कोरडवाहू काळ्या जमिनींत, जेथें ऑगस्टांत तीन आठवडे पाऊस दडी मारतो, तेथें पाणी धरून ठेवणाऱ्या कर्बाची किंमत इंग्लंडांतल्याहून जास्त आहे, आणि नेमका तोच आपल्याकडे तुटपुंजा आहे.

आतां मूळ प्रश्नाकडे येतों. ज्या जमिनीकरितां ही पद्धति निघाली तेथेंच ती कां रुजली नाहीं? शेतकरी आळशी, हें शहरांतील उत्तर आहे. आमच्या मतें कारण निराळें. तीन वेळां उलथापालथ करावयाची तर माणसें लागतात, आणि तीं ऐन कामाच्या दिवसांत लागतात. पाणी लागतें, आणि पऱ्हाट्या निघतात तेव्हां विहिरीचा तळ दिसूं लागलेला असतो. इंदूरच्या संस्थेपाशीं नोकर होते, पाणी होतें, गाड्या होत्या. पांच एकरांच्या धन्यापाशीं एक गडी, तोहि रोजानें. आमच्या पाहण्यांत आलेले बहुतेक फसलेले खड्डे पाण्यावांचून फसले. वरून थर व्यवस्थित, आंत हात घातला तर पऱ्हाटी जशीच्या तशी आणि पांढरी, कोरडी बुरशी. शिवाय पऱ्हाटी ही गरिबाच्या चुलीचें सरपण. ती खड्ड्यांत घाला म्हणणाऱ्यानें चुलीची सोय सांगितली पाहिजे. आज घरोघरीं गॅस आला आहे, पण गोठ्यांतून बैल गेले आहेत. सरपण सुटलें तर शेण आटलें.

म्हणूनच आमच्याकडील शेतकऱ्यांनीं या पद्धतींत केलेले फेरफार आम्हांस मूळ पद्धतीइतकेच मोलाचे वाटतात. यवतमाळ जिल्ह्यांतील पुसदचे नारायण पांढरीपांडे यांनीं विटांची, भिंतींत भोकें ठेवलेली टाकी योजिली. हवा भोकांतून खेळते, म्हणून उलथापालथ करावी लागत नाहीं, आणि थरांत माती अधिक घातल्यानें थोड्या शेणांत काम भागतें. हीच ती ‘नाडेप’ टाकी. उसाच्या पट्ट्यांत तर खड्डाहि गेला. पाचट न जाळतां सरींतच पसरावें आणि एक टन पाचटास आठ किलो युरिया, दहा किलो सुपर फॉस्फेट व एक किलो कुजविणारें जीवाणूखत टाकावें, अशी शिफारस आहे. कुजविण्यास कारखान्याचें खत वापरणें हॉवर्ड यांस मुळींच मान्य नव्हतें. रॉथॅमस्टेडच्या शास्त्रज्ञांनीं १९२१ मध्यें काढलेल्या तशाच युक्तीवर त्यांचा राग होता. परंतु पाचटांत कर्ब फार व नत्र थोडें, तें बाहेरून भरून काढल्यावांचून तें कुजत नाहीं, हा हिशेब इंदुरासहि हाच होता. शेण नसलेल्या गांवांत तो युरियानें भागतो. ज्यांच्या घरीं अजून दोन-चार गुरें आहेत त्यांनीं या पावसाळ्यापूर्वीं गोठ्यांतील वरची सहा इंच माती खणून काढावी. ती पाचटावर पसरली तर युरियाचें प्रमाण कांहींसें कमी करतां येईल.